डायरेक्ट वायर आणि सहा आकडे

त्या दिवशी माझ्या मोटरसायकलवर चार वस्तू एकाच वेळी दूध पीत होत्या. हँडलच्या मधोमध फोन, त्याच्या खाली छोटा कॅमेरा, टाकीवरच्या पिशवीत टॉर्च, आणि हेल्मेटच्या आत कानाशी बोलणारं ते यंत्र. चारही वायरी एका काळ्या डबीत जात आणि डबीतून एक लाल वायर सीटखाली बॅटरीकडे. मला ते दृश्य फार आवडायचं. सिग्नलला थांबलो की शेजारच्या स्कूटरवाल्याने काहीतरी विचारावं म्हणून मी उगाच एखादी वायर सरळ करत बसे.

घरात मात्र त्या आठवड्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मुलीला पशुवैद्यकीय कॉलेजात जागा मिळाली होती, परभणीला. माझं म्हणणं, पुढच्या फेरीची वाट बघ, पुण्यात दुसरं काहीतरी मिळेल. तिचं म्हणणं, तिला दुसरं काहीतरी नकोच आहे. जागा स्वीकारायची मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. स्वीकारताना नोंदवलेल्या मोबाइलवर सहा आकडे येतात. ते वेळेत घातले तर जागा तिची, पाच वाजून गेले तर दुसऱ्या कुणाची. आणि नोंदवलेला मोबाइल माझा होता. फॉर्म भरताना मीच ऐटीत म्हणालो होतो, माझा नंबर टाक, तुम्हा पोरांचे नंबर ऑफरप्रमाणे बदलतात.

शुक्रवारी जेवताना तिने सांगितलं की ती परभणीला जाणार. मी आमटी वाढून घेतली. शनिवारी पहाटेपासून ती लॅपटॉपसमोर बसली, पण शेवटचा दिवस म्हणून साइट आडवी पडली होती. पडद्यावर ते गोल चक्र फिरत होतं आणि तिच्यामागे उभा राहून मी ते बघत होतो. नऊ वाजता मला ते बघवेना. मी हेल्मेट उचललं. ताम्हिणीच्या माथ्यापर्यंत जातो, भजी खातो, तीनच्या आत परत.

ती मान न वळवता म्हणाली, "बाबा, आज नको ना जाऊस."

"अगं, घरातल्या फोनपेक्षा माझा गाडीवरचा फोन जास्त चार्ज असतो. आकडे आले की तिथूनच सांगतो."

हे वाक्य मी जिन्यात उभा राहून, जरा आवाज चढवून टाकलं होतं. शेजाऱ्यांनाही कळावं.

आता त्या लाल वायरीबद्दल. ती जोडली होती वारज्याच्या पुलाजवळच्या एका गॅरेजवाल्याने. साठीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर, बोलणं पोस्टकार्डावर मावेल एवढंच. त्यांनी विचारलं, चावीवर घेऊ की डायरेक्ट? चावीवर म्हणजे गाडी चालू असेल तेव्हाच चार्जिंग, डायरेक्ट म्हणजे थेट बॅटरीवरून, चावी खिशात असली तरी. मला चहाला थांबल्यावरही चार्जिंग हवं होतं, म्हणून मी म्हणालो डायरेक्ट. ते म्हणाले, मग मध्ये फ्यूज पाहिजे, फ्यूजची डबी सोमवारी येईल, सोमवारी या. मला सोमवारपर्यंत दम कुठला. म्हटलं, तोवर तसंच देता का?

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडे नीट बघितलं. "देतो की. अहो, डायरेक्ट म्हणजे मध्ये अडवायला कुणी नाही. पण माझं काय जातंय? गाडी तुमची, पेटणार तुम्ही."

मी हसलो होतो. पुढचे कितीतरी सोमवार मी तिकडे फिरकलो नाही.

घरून निघालो तेव्हा फोनवर चौऱ्याऐंशी टक्के होते आणि शेजारी चार्जिंगची ती छोटी वीज दिसत होती. पिरंगुटला बघितलं तर एकोणऐंशी. वीज होती तिथेच होती. मी स्वतःची समजूत काढली, नकाशा चालू आहे, खात असेल. मुळशीच्या पुढे धरण दिसायला हवं तिथे पांढरा पडदा लावल्यासारखं धुकं होतं आणि आकडा सहासष्ट. वायर जोडलेली, वीज चमकतेय आणि टक्के उतरताहेत. आपण पाजतोय आणि बाळ वाळतंय, असा तो प्रकार. थांबून नीट बघायला हवं होतं. पण असल्या वेळी माणूस थांबत नाही. आकड्याकडे न बघण्याचा नियम करतो आणि दर वळणावर तो मोडतो.

माथ्यावर भजी खाल्ली. पावसात ओळीने लावलेल्या गाड्यांत माझ्या एकट्याच्या गाडीवर चावीशिवाय फोन चार्ज होत होता, याचं कौतुकही केलं. तिथे रेंजचा एक दांडा येत होता नि जात होता. मुलीला फोन लागला. साइट अजून आडवीच होती. ती म्हणाली, निघ आता. निघालो तेव्हा चौतीस टक्के होते आणि दोन वाजून गेले होते.

परतीच्या वाटेवर समोरून काही येईना, मागून काही येईना. एका वळणावर हॉर्न दिला तर तो बेडकाने घसा साफ करावा तसा वाजला. मग काट्यांमागचा दिवा लुकलुकला. मग वास आला. तापलेली इस्त्री कपड्यावर विसरली की पहिल्यांदा येतो, तो. कानातल्या यंत्रातली बाई अत्यंत शांतपणे म्हणाली, "बॅटरी लो." तिच्या आवाजात काळजीचा लवलेश नव्हता. तिने ते पुन्हा एकदा सांगितलं आणि नंतर काहीच सांगितलं नाही. माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या मधून धूर वर येत होता.

मी उतरलो, सीट उचकटली आणि लाल वायर हातानेच ओढून काढली. काळ्या डबीतून पाणी गळत होतं. वायरीचं प्लास्टिक वितळून बोटांना चिकटलं, दोन बोटं भाजली. गाडी मेली होती. दिवा नाही, हॉर्न नाही, स्टार्टरचं बटण दाबलं तर टक् एवढाही आवाज नाही. किक तर या नव्या गाड्यांना नसतेच. फोनवर बारा टक्के, रेंज शून्य, आणि पडद्यावर सूचना की चार्जिंगच्या जागी ओलावा आहे. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. उरलेले टक्के वाचवायला मी फोन बंद केला.

त्यानंतरचं एक मिनिट मी मित्रांना ही गोष्ट सांगताना गाळतो. धूर, बेडूक, ती शांत बाई, सगळं साभिनय करून दाखवतो, हशा मिळवतो आणि थेट उतारावर येतो. पण ते मिनिट होतं. फोनचा पडदा काळा झाला आणि मला बरं वाटलं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं. मी काही केलेलं नव्हतं, पाऊस होता, वायर होती. पाच वाजून जातील, परभणी जाईल, पोरगी पुण्यात राहील आणि मला कुणी दोष देऊ शकणार नाही. त्या धुक्यात मी एकटा उभा होतो, तरी कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून मी मागे वळून पाहिलं.

मग मात्र माझी पाचावर धारण बसली. मुलगी तिकडे काय समजेल, ते मला लख्ख दिसलं. बाप सकाळी निघून गेला आणि फोन बंद करून बसला.

गाडी न्यूट्रलला टाकली आणि उताराला सोडली. दिवा नाही, हॉर्न नाही, इंजिनाचा आवाज नाही. अशी गाडी धुक्यातून उतरताना कशी असते हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. चाकांखालचं पाणी तेवढं फसफसतं. समोरून एखादा ट्रक आला असता तर आम्हा दोघांनाही एकमेकांचा पत्ता टक्कर झाल्यावरच लागला असता. मी तोंडाने "ओ, ओ" असं ओरडत उतरत होतो. मध्ये सपाटी आली तिथे ढकलली, पुन्हा उतार आला तिथे बसलो. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी रस्त्याच्या कडेला एक पत्र्याची शेड दिसली, बाहेर ट्रॅक्टर आणि आत चूल पेटलेली.

चुलीपाशी एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. मी भिजलेला, भाजलेला, धापा टाकत आलो आणि म्हणालो की फोन चार्ज करायचाय. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

"लाइट न्हाय सकाळपास्नं. ट्रॅक्टरला वायर हाय, पोरानं बसवून घेतलीया."

"चावी लागेल ना?"

"कशाला? डायरेक्ट हाय."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. आधी फोन वाळायला हवा होता. त्यांनी तो फडक्यात गुंडाळून चुलीपासून हातभर अंतरावर ठेवला, भाकरी ठेवावी तसा. सिम काढून त्यांच्या फोनात घालावं, तर माझं सिम ते नव्या पद्धतीचं, फोनातच विरघळलेलं, काढायला काही हातालाच लागत नाही. निदान त्यांच्या फोनवरून मुलीला कळवावं, तर मुलीचा नंबर मला पाठ नव्हता. रोज दहा वेळा बोलतो मी तिच्याशी. आम्ही दोघं बसून त्या फडक्याकडे बघत राहिलो. त्यांनी विचारलं म्हणून सगळं सांगितलं. गुरांची डॉक्टर होणार म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं.

"आन् तुमाला नगं वाटतं व्हय?"

मी असं काही म्हणालोच नव्हतो. मी म्हणालो, तसं नाही, लांब आहे.

"लांबच आस्तंय समदं," त्या म्हणाल्या आणि लाकूड पुढे सारलं.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी फोनने ट्रॅक्टरची वायर पत्करली. सुरू झाला तेव्हा तीन टक्के होते. बंद असतानाही बाकीचे ओलाव्याने गेले असावेत, किंवा थंडीने. तीनवर तो उभा होता, आणि रेंज नव्हती. बाईंनी शेडमागच्या चढाकडे बोट दाखवलं. रेंज देवळामागं हाय, म्हणाल्या. देऊळ धुक्यात दिसतही नव्हतं. वायर हातभर लांबीची. फोन काढून पळावं तर वर पोहोचेपर्यंत तो जिवंत राहील याची खात्री नाही, आणि इथे ठेवावं तर आकडे यायचे नाहीत. मी एकदा वायरीकडे, एकदा चढाकडे बघत उभा राहिलो.

बाईंनी पदर खोचला, ट्रॅक्टरवर चढल्या आणि म्हणाल्या, "बसा."

मडगार्डवर मी बसलो, एका हाताने लोखंड धरलं, दुसऱ्या हातात हातभर वायरीला बांधलेला फोन. ट्रॅक्टर धडधडत चिखलातून चढला. पुढचं चाक एकदा हवेत उचललं गेलं तेव्हा मी वायर वाचवली, स्वतःला नाही. देवळामागे एका दगडापाशी त्यांनी ट्रॅक्टर नेमका उभा केला. तिथली सगळी माणसं तिथेच उभी राहत असणार. आणि फोन वाजायला लागला. टिंग, टिंग, टिंग. चार वेळा आकडे येऊन गेले होते, आणि चारही वेळा त्यांची मुदत संपली होती. सव्वातीनपासून साइट चालू होती. मुलीचे एकवीस फोन.

चार वाजून शेहेचाळीस. मी फोन लावला. तिने तो पहिल्या रिंगला उचलला. मी म्हणालो, गाडी पेटली, सांगतो नंतर, तू पाठव पुन्हा.

"पाठवते," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता, रडून बसतो तसा.

ट्रॅक्टर चालूच होता. आकडे आले. सहा. माझ्या डोळ्यांसमोर, मला नीट वाचता येतील असे. आणि ते मी लगेच वाचले नाहीत. किती वेळ, ते मला सांगता यायचं नाही, एका श्वासाएवढा. बाई समोरच्या धुक्यात बघत होत्या. मग मी वाचले. ट्रॅक्टरच्या आवाजावर ओरडून, एकेक आकडा. तिने पुन्हा म्हणायला लावले. मी पुन्हा म्हणालो. मग ते गोल चक्र. ते मला दिसत नव्हतं, पण तिच्या श्वासावरून फिरतंय हे कळत होतं.

"झालं," ती म्हणाली. "मिळाली."

मी म्हणालो, वा.

"बाबा, एक विचारू? फोन मुद्दाम बंद केलास?"

"नाही गं. वायर जळली. टक्के वाचवायला बंद केला."

"बरं. आणि बंद झाल्यावर?"

तिथे मी खोटं बोलू शकलो असतो. मी फार चांगलं खोटं बोलतो, त्यासाठीच लोक मला जेवायला बोलावतात.

"बरं वाटलं," मी म्हणालो. "एक मिनिट."

फोन मेला असं वाटून मी तो कानापासून दूर घेऊन पाहिला. पाच टक्के होते, आणि वाढत होते. ती तिथेच होती. तिच्या मागे चालणारा पंखासुद्धा मला ऐकू येत होता.

"सावकाश ये," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बाईंनी विचारलं, झालं का काम. मी झालं म्हणालो. त्यांनी वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे.

"मग उतरा आता," त्या म्हणाल्या. "मला वैरण आणायचीय."