बाबा रूसांची दुसरी टेप

एका ऐंशी वर्षांच्या बाईंना मी त्यांचीच मातृभाषा शिकवून आले होते, हे आधीच कबूल करून टाकते. नातवंडं हसतील, हसू देत. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, पुण्याची होते आणि भाषाशास्त्र शिकत होते. यातलं एकेकसुद्धा माणूस बिघडायला पुरतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत, पार्सिपनीला काकूंकडे राहत होते. प्राध्यापकांनी सांगितलं, पेनसिल्व्हेनियात बल्गेरियाच्या रोडोपी डोंगरातल्या एक आजी आहेत. तिकडच्या शहरांनी कधीच टाकून दिलेली जुनी बोली त्या अजून बोलतात. त्यांची दोन तासांची टेप आणली तर प्रबंध, नाहीतर विषय बदला.

बसमधून डोंगर दिसले, मग बंद पडलेल्या पोलाद कारखान्याची धुरांडी. टेपरेकॉर्डर मी मांडीवर जपून नेला; बॅटऱ्या काकूंच्या फ्रिजवर राहिल्या. आजींची मुलगी लेना स्टँडवर घ्यायला आली होती, तिने वाटेत घेऊन दिल्या.

बाबा रूसांनी (त्यांच्याकडे आजीला ‘बाबा’ म्हणतात) समोर पतात्निक (किसलेल्या बटाट्याचं, पुदिना घातलेलं जाडजूड थालीपीठ) ठेवलं. “आधी काम,” म्हणत मी ताटली बाजूला सारली.

त्या मेंढ्यांबद्दल, बर्फाबद्दल बोलू लागल्या. हाताशी असलेल्या वस्तूच्या नावाला प्रत्ययाचं एक शेपूट, लांबच्या वस्तूला दुसरंच. हेच ऐकायला तर मी आले होते. आणि मी काय करावं? विद्यापीठात दोन वर्षं घोकलेलं शुद्ध रूप त्यांना सांगितलं. तीनदा. पुण्यात भांडी घासायला येणाऱ्या बाईंचं बोलणंही मी असंच सुधारायची. ती खोड विमानातून सोबत आली होती.

बाबा रूसांनी एप्रनला हात पुसले आणि पुढचे दोन तास रेडिओवर बातम्या द्याव्यात तसं स्वच्छ, शाळकरी बल्गेरियन बोलल्या. मला वाटलं, किती पटकन सुधारल्या.

प्राध्यापकांनी पाच मिनिटं टेप ऐकली आणि ही निवेदिका मला कुठे भेटली, असं विचारलं.

काकू पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. “तू त्यांच्याच घरात बसून त्यांना करेक्ट केलंस? आणि खाल्लंही नाहीस? उद्या फोन कर, सॉरी म्हण. आणि प्लीज, या वेळी उपाशी जा.”

पुढच्या शनिवारी गेले. माफीचं वाक्य शुद्ध बल्गेरियनमध्ये पाठ केलं होतं; म्हणजे खोड तशीच. बाबा रूसांनी ते पुरं होऊ दिलं नाही. टेप सुरू करायची खूण केली आणि ताटली पुढे सरकवली.

परतीच्या बसमध्ये टेप मागे नेऊन लावली. दोन तास माझं मचमच चावणं, आणि त्यावरून वाहणारी ती बोली. पुढे प्रबंधावर माझं नाव लागलं खरं, पण त्यातलं माझं काम तेवढंच, चावण्याचं. टेपवरचं पहिलं वाक्य बाबा रूसांचं आहे, अस्सल डोंगरी बोलीतलं:

“आज मी बोलते, तू खा. तोंड भरलेलं असलं की दुसऱ्याच्या चुका काढता येत नाहीत.”