उभं राहायला लागणारा वेळ

“तुम्ही व्हा उभे. मी उठेस्तोवर साहेब बोलून जातेल बी!”

जाफराबादच्या शाळेच्या पटांगणात, सतरंजीवरचा एक माणूस शेजाऱ्याला सांगत होता. वडिलांच्या गावानं माझ्या पीएच.डी.चा सत्कार ठेवला होता आणि पाहुण्यांचा पत्ता नव्हता. जीपचा आवाज आला की सगळे उठत. जीप भलत्याचीच निघे, सगळे बसत. हा मात्र दर वेळी आधी ओणवा होई, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत स्वतःच्याच अंगावर चढून उभा राही. तोवर बाकीचे बसलेले असत. “बसा, बसा,” तो साहेबाच्या थाटात म्हणे.

स्नायू झिजवणाऱ्या आजारातलं हे उठणं मी प्रबंधात सहा पानं इंग्रजीत वर्णिलं होतं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

अखेर पाहुणे आले. अध्यक्षांनी ठोकून दिलं, “आपल्या लेकीनं स्नायू झिजायच्या रोगाचं औषध शोधलं!” टाळ्या पडल्या. मी शाल सावरत राहिले.

तो पुन्हा उभा राहिला. या वेळी हसत नव्हता.

“ताई, माझं जाऊ द्या. धाकटा भाऊ बी आता असाच उठून राह्यला. उद्या आणू का त्याला औषधाला?”

“हो म्हणा, आटपू,” अध्यक्ष कुजबुजले.

इंग्रजी शाळेतली मी; मराठी भाषण पाठ करून आले होते. ते सगळं विसरले आणि माईक ओढला.

“औषध अजून सापडलेलं नाही. अध्यक्षांना सापडलं असेल तर त्यांनी द्यावं. तुम्ही बसा, मी खाली येते.”