चौथा डाव

निळ्या खडूचा वास आला की शंकर नगरातलं ते पूल पार्लर आठवतं. तेव्हा रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं, आणि खेळणारे मोजकेच होते. पार्लर चालवणाऱ्या मित्राने आम्हा जुन्यांना सांगून ठेवलं होतं, नव्याला पहिले तीन डाव जिंकू द्या, म्हणजे तो परत येतो. एक कॉलेजचा मुलगा माझ्याशी तिन्ही डाव जिंकला आणि चौथ्याला वडिलांना घेऊन आला. "बाबा, पाहा, मले किती जमते!" तीन पुरे झाले होते, म्हणून मी मन लावून खेळलो. त्याला एकच बॉल पॉकेटमध्ये घालता आला. वडील म्हणाले, "याच्यापायी कोचिंग बुडवून राहिला काय बे?" मुलाने माझ्याकडे पाहिलं. "भैया, आज काय झालं?" मी स्टिकला खडू लावत राहिलो. चौथा डाव मी प्रामाणिकपणे खेळलो, असं आजही सांगतो. आधीचे तीन मात्र कुणाला सांगत नाही.