मावशीने ‘किरकोळ’ लिहिलं नाही

मावशीच्या साहेबांचा आवाज काढायचा तर नाक अर्धं दाबायचं आणि प्रत्येक वाक्य जिन्यावरून एकेक पायरी उतरल्यासारखं बोलायचं. दर दुसऱ्या वाक्यात ‘तूर्तास’ घालायचं. ते मावशीला नोकरीत कायम करणार होते, पण तूर्तास नाही. खुर्ची बदलून देणार होते, तीही तूर्तास नाही. आमच्या घरात त्यांना ‘तूर्तास साहेब’ सोडून दुसरं नावच उरलेलं नाही.

मावशीचा आवाज काढणं मात्र अवघड, कारण ती भांडताना आवाज खाली आणते. ही सवय जुन्या नोकरीतली. आधी नऊ वर्षं ती घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचायची. लोक खुर्ची द्यायचे, पंखा लावायचे, ‘ताई, जरा कमी लिहा ना,’ म्हणायचे. ताई पंख्याखाली बसून घाम पुसायची आणि जेवढा आकडा तेवढाच लिहायची. शेवटी गुडघे बोलायला लागले, तेव्हा तिने बसून करायचं काम शिकून घेतलं.

ते काम असं. आपण एखाद्या साइटवर बटण दाबलं की ते पान आपल्या नकळत जाहिरात कंपनीला निरोप धाडतं, की अमक्याने तमकं केलं. याला हे लोक ‘इव्हेंट’ म्हणतात. निरोप जातो का, एकदाच जातो का, आणि जेवढं सांगायचं तेवढंच सांगतो का, हे मावशी तपासते. शेवटी अहवालात एक शेरा मारायचा: बरोबर, किरकोळ किंवा नापास. नापास म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत जाहिराती बंद.

बाकीचे लोक चाचणीच्या फॉर्ममध्ये ‘अबक अबक’ टाकून मोकळे होतात. मावशी माणूस होऊन फॉर्म भरते. गाद्यांच्या दुकानासाठी ती पाठ धरलेला पहिलवान झाली होती. गेल्या महिन्यात मनाच्या आजारांवर सल्ला देणारी एक साइट तिच्याकडे आली. फॉर्ममध्ये प्रश्न होता, ‘तुम्हाला काय त्रास होतो?’ मावशी तत्काळ जावई झाली आणि लिहिलं, ‘सासूबाई आल्या की मला उचकी लागते.’

बटण दाबलं. आभाराचं पान आलं. बाजूच्या खिडकीत, जिथे गेलेले निरोप दिसतात, तिथे जावयाची उचकी जशीच्या तशी. मावशी आधी हसली. मग तिने खुर्ची पुढे ओढली.

साइट बनवणाऱ्याने फॉर्ममधलं उत्तर आभाराच्या पानाच्या वेब-पत्त्यातच जोडून ठेवलं होतं, आणि निरोपाबरोबर पानाचा पूर्ण पत्ता जातोच. म्हणजे जो जे लिहील, ते थेट जाहिरात कंपनीकडे. साइट चालू होऊन तीन आठवडे झाले होते. आठशे बारा जणांनी फॉर्म भरला होता, आणि ते काही उचकीचे नव्हते.

तूर्तास साहेब म्हणाले, ‘किरकोळ’ लिहा. सोमवारी मोठी जाहिरात सुटतेय, मागाहून दुरुस्त करू. तुमचं कायम होण्याचं पत्रही माझ्या टेबलावर आहे, असं त्यांनी अगदी सहज, हवापाण्याची चौकशी केल्यासारखं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अकराला पडद्यावर बैठक होती. ती साइट चालवणाऱ्या डॉक्टरबाई होत्या, साहेब होते, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावरून मावशी. साहेबांनी पायऱ्या उतरत उतरत सांगून टाकलं, की एक किरकोळ बाब सोडली तर सगळं छान आहे.

मावशीने आवाज खाली आणला. “किरकोळ आहे ना, साहेब? मग तुम्हीच भरा फॉर्म. मी पडदा दाखवते, तुम्ही सांगाल ते टाइप करते. फक्त खरं सांगा.”

साहेब हसले. म्हणाले, मला कसला त्रास असणार.

“काहीतरी असेलच की. घरी कुणाला न सांगितलेलं.”

साहेबांनी घसा साफ केला. डोकेदुखी लिहा म्हणाले. मावशीने बोटं कीबोर्डवरून उचलली आणि म्हणाली, डोकेदुखीला लोक गोळी घेतात, इथे येत नाहीत. रिकाम्या चौकोनात रेघ लुकलुकत राहिली.

डॉक्टरबाईंनीच विचारलं, “किती जणांचं गेलंय?”

मावशीने आकडा सांगितला.

“बंद करा,” बाई म्हणाल्या. “आत्ता, मी समोर असताना.”

निरोप बंद झाले, पण गेलेले काही परत येणार नव्हते. म्हणून मावशीने अहवालात ‘नापास’च्या खाली एक वाक्य घातलं: या आठशे बारा जणांना काय झालं ते कळवावं. साहेबांनी ते खोडून अहवाल परत पाठवला. मावशीने वाक्य पुन्हा घातलं. त्यांनी पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा खोडल्यावर साहेबांचा फोन आला. कायम होण्याचं आता पुढच्या वर्षी बघू, असं म्हणाले.

“बघा की,” मावशी म्हणाली. “तोवर मी वाक्य घालतेय.”

चौथ्यांदा अहवाल परत आला तेव्हा वाक्य जागेवर होतं. खाली तपासनीस आणि प्रमुख अशा दोन सह्या असतात. त्यातली प्रमुखांची, म्हणजे साहेबांची, काढून टाकलेली होती. मावशीने ती मोकळी जागा जरा न्याहाळली, आपली सही मधोमध आणली, अक्षरं दोन मापांनी मोठी केली आणि अहवाल डॉक्टरबाईंना पाठवून दिला.