कूलरच्या खोलीतले टायर

जुन्या गाड्यांची शर्यत वर्षातून एकदाच, हिवाळ्यात, गावाबाहेरच्या पडीक धावपट्टीवर व्हायची. माझ्या नवऱ्याची टायरची निवड मात्र वर्षभर चालायची. रुंद टायर वळणावर गाडी धरून ठेवतो, पण मडगार्डला घासतो, म्हणून हे मडगार्डचीच कड ठोकून वाकवायचे. रबर मऊ की कडक, ते अंगठ्याचं नख रोवून बघायचे. नख रुतलं की चेहरा खुलायचा. "पाह्य वं, कसं लोण्यावानी आहे!"

मऊ रबर नागपूरच्या उन्हाळ्यात कडक होतं, म्हणून एका मार्चमध्ये आणलेले चार नवे टायर त्यांनी घरातल्या एकुलत्या एका कूलरच्या खोलीत ठेवले. जागा उरली नाही, म्हणून आम्ही गच्चीवर.

"टायर गारव्यात, अन् माणसं काहून भाजून राहिली?" मी तडकले.

"माणूस हिवाळ्यात नीट होते वं. रबर नाही होत."

तो हिवाळा त्यांना दिसला नाही. पावसाळ्यातच हृदय बंद पडलं.

गाडी विकली. टायर विकायला कोणी सुचवलं की मी त्याच्यावर खेकसायची. दर उन्हाळ्यात त्या खोलीतल्या कूलरमध्ये पाणी भरायची आणि स्वतः गच्चीवर निजायची. अधूनमधून नख रोवून पाहायची. रुतायचं.

एका मे महिन्यात रुतलं नाही. चारही टायर दाबून पाहिले, अंगठा दुखेपर्यंत. मग कूलर बंद केला आणि दुपारभर त्या तापत जाणाऱ्या खोलीत बसून राहिले.