महादेवाच्या डोंगराला अर्धा वेढा

निजामाच्या राज्यात माझ्याइतका चालणारा माणूस नव्हता, असं माझं मत होतं. (दुसऱ्या कुणाचं विचारायची वेळ आली नव्हती.)

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. श्रावणात माहेरी गेलेल्या बायकोला, गंगूला, आणायला मी बालाघाटातल्या सासुरवाडीला गेलो. गावामागं डोंगरांचं गोल कडं, मधल्या दरीत महादेव, आणि देवळातून निघालेला ओढा ते कडं फोडून गावापाशी बाहेर येतो. श्रावणी सोमवारी सासूबाई त्या डोंगरांच्या धारेवरून देवाला प्रदक्षिणा घालायच्या.

मी हसलो. "ह्याला डोंगर म्हणतात व्हय? आमच्या तामलवाडीला असली ढेकळं कुळवानं फोडतात!"

गंगू उसळलीच. "मग जावा की आईसंगं! पुरी करून आलात तर उद्या सकाळीच येते. न्हायतर दिवाळीपतूर मी हितंच!"

सासूबाईंची साठी उलटलेली, कडक उपास, पाय अनवाणी. माझ्या पोटात दोन वाट्या भगर आणि पायांत सोलापूरचे करकरीत बूट. पहिल्याच चढाला बूट करकरायचे थांबले आणि मी करकरू लागलो! दुसऱ्या खिंडीत उजव्या बुटाचा तळ निसटून थेट दरीत, महादेवाच्या दर्शनाला गेला. पुढं धार एवढी अरुंद, की मी बसून सरपटत, कचेरीत शिकलेली सगळी उर्दू देवाला ऐकवत निघालो. सासूबाई पदर खोचून पुढं. मधूनच थांबून वाटेतले काटे बाजूला करायच्या आणि "वाईच दम घेते" म्हणायच्या. दम त्यांना लागलेलाच नव्हता, हे मलाही कळत होतं. काय बाई होती!

दुपार कलली तेव्हा कडं संपलं. समोर ओढा, पलीकडच्या काठावर गाव आणि दारात गंगू! जिंकलो! धोतर वर घेऊन मी पाण्यात पाय टाकणार, तोच सासूबाईंनी हात धरला.

"जावईबापू, हे काय करायलात?"

"घरी जायलो, मामी!"

"देवाच्या अंगावरचं पाणी हाय हे. यरवी वलांडा हजार डाव. पर म्हादेवाची प्रदक्षिणा अर्धीच असती, पाणी वलांडायचं न्हाय."

"मग?"

"आल्या वाटंनं माघारी."

मी मटकन खाली बसलो. "मामी, उडी मारली तर? पाय बी लागायचा न्हाय!"

"देवाला दिसत न्हाय व्हय?"

पलीकडून गंगू ओरडली, "काय झालं वो?"

"काय न्हाय गं!" सासूबाईच ओरडल्या. "जावईबापूला डोंगर लई आवडला! आणखी यकदा बघून येतो!"

मग त्यांनी लुगड्याचा काठ टर्रकन फाडून माझ्या पायाला बांधला. शेवटच्या उताराला तर त्यांनी मला जवळजवळ काखोटीलाच मारलं होतं. पण गावाची शीव येताच हात सोडला, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या मागं चालू लागल्या. दारात गंगूला म्हणाल्या, "जावईबापू हुते म्हणून आले बाई मी!"

गंगूनं शब्द पाळला. सकाळी तिचा भाऊ गाडी जुंपून उभा, गंगू गाठोडं घेऊन दारात. "उठा की!" म्हणाली. मी पाय हलवून बघितले. ते माझं ऐकेनात. चौघांनी उचलूनही गाडीत बसता येईना!

शेवटी गंगू सासरी गेली, आणि श्रावण संपेपर्यंत माहेरपणाला मी राहिलो.