मिठाचा बर्फ

माझ्या धाकट्या भावाचं आतडं त्याच्याच शरीरानं खाल्लं. हे मला अजून धड बोलता येत नाही, म्हणून आधीच लिहून टाकते.

पहिल्यांदा आतड्याचा टीबी समजून गोळ्या झाल्या. मग पुण्याच्या डॉक्टरांनी क्रोन्सचा आजार ठरवला आणि मला समजावलं. जंतू शिरले की शरीरातलं टीएनएफ नावाचं एक प्रथिन आरडाओरडा करून फौज गोळा करतं. याच्या आतड्यात ते जंतू नसतानाही गप्प बसत नव्हतं. आबांना, म्हणजे वडिलांना, मी विचारलं, "आपलं राखणीचं कुत्रं लांडगा नसताना भुकायला लागलं, आन् मेंढरांनाच चावायला लागलं, तर?"

"त्याचं तोंड बांधायचं," आबा म्हणाले.

इंजेक्शनचं काम तेवढंच होतं. तेही एक प्रथिनच.

आमची वस्ती वेल्ह्याच्या वरच्या अंगाला. मी भोरला शाळेत विज्ञान शिकवते. वस्तीवर विजेचा भरवसा नाही, म्हणून इंजेक्शन माझ्या फ्रिजमध्ये राहायचं आणि दर पंधरवड्याला आबा एसटी बदलत न्यायला यायचे. मी ते थंड पिशव्यांच्या डब्यात भरून बजावायची, "आबा, गार राहिलं पायजे हं." खोक्यावर इंग्रजीत 'गोठवू नका' असंही छापलं होतं. मी ते वाचलं होतं. सांगितलं मात्र नाही. वस्तीवर फ्रिजच नाही, तिथं गोठणार कशात? मोठी शहाणी मी!

भाऊ सुरुवातीला फोनवर म्हणायचा, "ताई, औंदा जत्रंला मटण खाणार म्या." पुढं पुढं त्याला दोन वाक्यं बोलली तरी धाप लागायला लागली. नर्सबाई वेळेवर टोचत होत्या, आबांची एक खेप चुकत नव्हती, आणि आतडं जळतच होतं. डॉक्टर म्हणाले, काहींना हे औषध लागू पडत नाही, दुसरं बघू. दुसरं सुरू व्हायच्या आत आतडं फुटलं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्या नशिबाला मी मनसोक्त शिव्या घातल्या.

महिन्याभरानं वस्तीवर गेले, तेव्हा आबा मेंढरांची लस घेऊन नुकतेच आले होते. जुन्या थर्मासात बर्फ, बर्फावर मूठभर खडेमीठ, मधोमध बाटली.

"मीठ कशाला, आबा?"

"मिठानं बर्फ लई कडक गार ऱ्हातो. लस आणायची आमची रीतच हाय. त्याचं इंजेक्शन बी यातनंच आणायचो. तुझा डबा वाटंत कोमट व्हायचा, मग स्टँडवर बर्फ घ्यायचो. हितं येस्तवर पार दगड झालेलं असायचं. नर्सबाई यायच्या आत मुठीत धरून पातळ करायचो."

मेंढरांची लस भुकटीची, ती गोठली तरी चालते. भावाचं औषध प्रथिनाचं, ते गोठलं की मोडतं, निकामी होतं. दूध नासलेलं दिसतं तरी, हे दिसायला नितळच राहतं. औषध धड पोचलं असतं तर तो वाचला असता का, ते कुणीच सांगू शकत नाही. पण आबांच्या तळहाताकडं मला बघवेना.

सांगायचं नाही, असं मी ठरवलं. चूक माझी होती, शिकलेली मी होते. म्हाताऱ्याला जगू द्यावं. मी चहा ठेवला.

चहा पिता पिता आबा म्हणाले, "शेजारच्या काकीचं साखरंचं इंजेक्शन बी आता म्याच आणतो. तिच्या पोराला कुठं जमतंय असं आणाया?" बोलताना त्यांची मान जरा ताठ झाली. पोरगा गेल्यापासून ती पहिल्यांदाच ताठ झालेली मी पाहिली.

इन्शुलिन. तेही प्रथिनच.

मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. मीठ, बर्फ, खोक्यावरचं वाक्य, माझं न सांगणं, सगळं. आबा थर्मासाचं झाकण हातात फिरवत राहिले.

"म्हंजी त्याची इंजेक्शनं बी मोडली व्हती?"

"व्हय, आबा."

"सगळी?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"सगळी," मी म्हणाले.